सत्काराआधी कामाची नोंद हवी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर सरत आला की आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत दोन-तीन दुकानांच्या दर्शनी फळीवर शालींचे गठ्ठे येऊन बसतात आणि स्मृतिचिन्हे करून देणाऱ्याकडे नावांच्या याद्या पोहोचू लागतात. १ ऑक्टोबर जवळ आल्याची ही खूण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९० मध्ये ठराव करून हा दिवस ज्येष्ठांसाठी राखला, १९९१ पासून तो जगभर पाळला जाऊ लागला आणि आपल्याकडे त्याने बघता बघता सत्कार समारंभाचे रूप घेतले. आयुष्याची उतरती वर्षे गावासाठी, वस्तीसाठी, शेजारपाजारासाठी विनामोबदला खर्च करणाऱ्यांचा सन्मान व्हावा याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तो कोणाचा होतो, कसा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातून काय उरते, याविषयी मात्र थोडे स्पष्ट लिहावे असे काही वर्षे मनात होते. यंदाची निमंत्रणपत्रिका हाती पडली तेव्हा ते आणखी लांबणीवर टाकू नये असे वाटले, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर अकरा वर्षे आहे आणि त्यातील गेली सहा वर्षे मानद कार्यवाह म्हणून काम पाहते. या नात्याने दरवर्षी कोणत्या ना कोणत्या संस्थेचा फोन येतो, 'तुमच्याकडचे दोन ज्येष्ठ सुचवा, नावे संध्याकाळपर्यंत पाठवा, सोबत पासपोर्ट आकाराचा फोटो.' त्या माणसाने नेमके काय केले, किती वर्षे केले आणि कशासाठी केले, हे आजवर एकाही फोनमध्ये मला विचारले गेलेले नाही. फार तर 'क्षेत्र' विचारतात. म्हणजे सामाजिक, शैक्षणिक, सांस्कृतिक यांपैकी एका रकान्यात माणूस बसवायचा असतो.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका फोननंतर मी आमच्या तात्यांचे नाव कळवले. तात्या हे त्यांचे खरे नाव नव्हे, पण ग्रंथालयात त्यांना सगळे याच नावाने हाक मारतात आणि खरे नाव छापून आलेले त्यांना आवडणार नाही. वय एकोणऐंशी. उमेदीच्या काळात छापखान्यात जुळारी, म्हणजे धातूचे अक्षरखिळे जुळवणारे, होते. खिळे जुळवण्याचे दिवस संपले तसे तेही घरी बसले आणि मग एके दिवशी ग्रंथालयात येऊन, 'तुमच्या पुस्तकांची हाडं खिळखिळी झालीत, मी बांधून देऊ का?' असे त्यांनी विचारले. तेव्हापासून आज बावीस वर्षे दर मंगळवारी आणि शनिवारी ते येतात. सुटलेले फर्मे (पानांच्या घड्या) वेगळे करतात, दोरा मेणावरून ओढून घेतात, शिवण घालतात, कण्याला कापडी पट्टी चिकटवतात, मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकायला विसरत नाहीत, कारण मोरचूद नसेल तर वर्षाच्या आत झुरळे आणि कसर त्या खळीवरच जेवायला बसतात. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, तोही आधी दोन पुस्तके दाबाखाली गेल्यावरच.

तर त्या समारंभाची वेळ दहाची होती आणि प्रमुख पाहुणे पावणेएक वाजता आले. तोवर साठीपासून नव्वदीपर्यंतचे एकेचाळीस सत्कारमूर्ती मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होते. स्वच्छतागृह व्यासपीठाच्या मागे होते आणि तिथे जायचे तर सगळ्यांच्या समोरून जावे लागत होते, म्हणून कित्येकांनी पाणीसुद्धा घेतले नाही. व्यासपीठाला पाच उंच पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. नावे पुकारली जाऊ लागली तेव्हा पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाची घाई होती, त्यामुळे शाल एकाने घालायची, नारळ दुसऱ्याने द्यायचा, स्मृतिचिन्ह तिसऱ्याने हाती ठेवायचे आणि फोटोसाठी सगळ्यांनी समोर बघायचे, असे ते एकेचाळीस सत्कार अर्ध्या तासात उरकले. तात्यांचे नाव पुकारताना निवेदकाने 'वृक्षारोपण क्षेत्रातील उल्लेखनीय कार्याबद्दल' असे वाचले. यादीत वरची ओळ खाली सरकली असावी. परतीच्या एस.टी.त ते मला म्हणाले, "झाडं मी कधी लावली नाहीत हो. दारात एक शेवगा होता, तोही तारांना लागतो म्हणून तोडला." रागाने नाही, चूक दुरुस्त करावी अशा सुरात म्हणाले, मुद्रितशोधन केलेला माणूस तो.

अशा समारंभांतून आलेल्या सात शाली त्यांच्या घरी घडीसुद्धा न मोडता पडून आहेत. स्मृतिचिन्हे मात्र त्यांनी ग्रंथालयात आणून ठेवली. संगमरवरी तळ असलेली ती जड चिन्हे ताजी खळ लावलेल्या पुस्तकांवर दाब म्हणून फार चांगली बसतात.

आपल्यासारख्या वृत्तपत्रांनाही यात थोडा दोष द्यावा लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. त्या समारंभाची बातमी दुसऱ्या दिवशी निरनिराळ्या अंकांत आली. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रास्ताविक करणारे, सूत्रसंचालन करणारे आणि आभार मानणारे, या सर्वांची नावे हुद्द्यांसह छापली होती. ज्यांच्यासाठी समारंभ होता त्या एकेचाळीस जणांपैकी तिघांची नावे होती आणि पुढे 'आदी' होते. बातमी पाठवणाऱ्याने ती तशीच लिहून पाठवली असणार, हे मी समजू शकते. पण 'आदी' या दोन अक्षरांत अडतीस माणसांची मिळून किती वर्षांची सेवा गेली, याचा हिशेब मनात आल्यावाचून राहिला नाही.

निवड कोणाची होते हा त्याहून अवघड प्रश्न आहे. ज्याला निवृत्तिवेतन आहे, ज्याची इस्त्रीची कपड्यांची जोडी तयार आहे, ज्याला चार शब्द बोलता येतात आणि जो कोणत्या तरी मंडळाचा पदाधिकारी आहे, त्याचे नाव यादीत सहज जाते. त्यांनी काम केलेले नसते असे मी म्हणत नाही. पण गावाची कितीतरी कामे अशी असतात की ज्यांना कोणी 'कार्य' म्हणत नाही, आणि ती करणारी माणसे यादीच्या जवळपासही फिरकत नाहीत.

आमच्याच पेठेत एक गृहस्थ आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेले. कोणाकडे मयत झाले की पहिला निरोप त्यांना जातो, मग ती रात्रीची दोनची वेळ असो की दिवाळीचा पाडवा. बांबू कुठून आणायचे, तिरडी कशी बांधायची, मडके, सुतळी, कापड, गोवऱ्या हे सगळे त्यांच्या हाताखालचे आहे. पावसाळ्यात लाकूड भिजलेले असते आणि आधीच कोसळलेल्या घराची आणखी परवड होते, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिले आहे की जूनच्या आधी ते स्वतःच्या गोठ्यात ताडपत्रीखाली कोरडी लाकडे आणि गोवऱ्या रचून ठेवतात. ज्याला जमेल त्याने नंतर भरपाई करावी, ज्याला जमणार नाही त्याला विचारले जात नाही. हे काम त्यांच्या अंगावर कसे आले, ते त्यांनी एकदाच सांगितले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते कोवळ्या वयात पाटण तालुक्यातील आपल्या गावी होते. पडलेल्या भिंतींखालून माणसे काढायची आणि मग त्यांतली जी गेली होती त्यांची व्यवस्था लावायची, हे दोन दिवसांत मोठ्यांच्या बरोबरीने करावे लागले. "तेव्हापासून हात थरथरत नाही," एवढेच ते म्हणाले.

त्यांचे नाव मी एका आयोजकांना सुचवले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती आणि मग उत्तर आले, "मॅडम, काम मोठंच आहे, पण कार्यक्रम शुभ आहे ना." त्या सद्गृहस्थांना दुखावण्याचा माझा हेतू नाही, त्यांनी जे बोलून दाखवले ते अनेक जण मनात ठेवतात. पण ज्याच्या खांद्याची गरज प्रत्येक घराला कधी ना कधी लागते, तो माणूस व्यासपीठावर आलेला आपल्याला चालत नसेल, तर सत्काराच्या यादीतून आपण सेवा निवडतो आहोत की शोभा, हे एकदा स्वतःला विचारून पाहायला हवे.

दुसरे उदाहरण एका आक्कांचे. वय एकाहत्तर. लिहिण्यावाचण्यापुरते शिक्षण. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायांना साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचे झाले की आक्का सोबत जातात. केसपेपर कोणत्या खिडकीवर निघतो, रक्त तपासायला किती वाजता गेले तर रांग कमी असते, डॉक्टरांनी काय लिहिले ते कोणत्या सिस्टरला विचारले तर ती नीट समजावून सांगते, हे त्यांना पाठ आहे. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. पण आक्कांना पंच्याहत्तरीला अजून चार वर्षे आहेत, तेव्हा ते अर्धे तिकीट आणि दुपारचा वडापाव त्या आपल्या श्रावणबाळ या वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेच्या दीड हजारांतून काढतात. पेशंटकडून घेत नाहीत, कारण त्यांच्याच शब्दांत, "तिच्याकडं असते तर ती माझ्याबरोबर कशाला आली असती?"

आक्कांसारख्या बायकांची नावे याद्यांत का नसतात, याचे एक साधे कारण आहे. घरातले आणि दारातले काम बाई करतच असते असे सगळेच धरून चालतात, आणि ते काम घराच्या उंबऱ्याबाहेर, परक्यांसाठी, वर्षानुवर्षे चालले तरी त्याला वेगळे नाव मिळत नाही. जत्रेच्या महाप्रसादाला पहाटेपासून भाकरी थापणाऱ्या, बाळंतिणीच्या घरी दहा दिवस राबणाऱ्या, कामावर जाणाऱ्या शेजारणीचे मूल शाळेतून आणून चार घास भरवणाऱ्या आज्या प्रत्येक गावात आहेत. सत्काराच्या पत्रिकेत त्या सौ. किंवा श्रीमती म्हणून आल्याच, तर बहुधा कोणाच्या तरी मातोश्री म्हणून येतात.

शासनाकडे या विषयात काहीच नाही असे नाही. केंद्र सरकारचा वयोश्रेष्ठ सन्मान १ ऑक्टोबरच्या निमित्ताने दिला जातो. त्यात शतायुषी व्यक्ती, आदर्श माता, जीवनगौरव, कला, क्रीडा, धाडस असे विभाग आहेत. आमच्या क्षेत्रापुरते सांगायचे तर राज्य शासन भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाने उत्कृष्ट ग्रंथालय कार्यकर्त्यांना आणि सेवकांना पुरस्कार देते. पद्म पुरस्कारांतही अलीकडच्या वर्षांत दूरच्या गावांतली नावे दिसू लागली आहेत. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन सांभाळणाऱ्या शंकरबाबा पापळकर यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या ग्रंथालयात ती बातमी कात्रण करून फलकावर लावली होती. ही दखल मोलाचीच आहे. पण २०११ च्या जनगणनेतच देशातील साठीपुढची लोकसंख्या दहा कोटींच्या वर होती. राष्ट्रीय सन्मानाचे हात त्यातल्या किती जणांपर्यंत पोहोचणार? आक्कांचे काम ज्या अर्ध्या तालुक्याला माहीत आहे, त्यानेच त्याची दखल घ्यायला हवी. त्यासाठी दिल्ली-मुंबईची वाट पाहण्याचे कारण नाही.

ती कशी घ्यावी, याबद्दल माझे म्हणणे अगदी साधे आहे. आधी कामाची नोंद करावी, मग जमल्यास सत्कार करावा. आणि दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर शाल राहू द्यावी.

ग्रामसभा ज्या ठरलेल्या दिवशी भरवण्याची आपल्याकडे प्रथा आहे, त्यांत २ ऑक्टोबर येतो, म्हणजे ज्येष्ठ नागरिक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी. या ग्रामसभेत पहिली वीस मिनिटे गावातल्या एका, फार तर दोघा ज्येष्ठांच्या कामासाठी ठेवावीत. त्या माणसाने काय केले हे ज्याच्यासाठी केले त्याने उठून सांगावे, पुढाऱ्याने नव्हे. आणि ग्रामसेवकाने ते इतिवृत्तात तपशिलासह लिहावे. 'अमुक यांनी समाजकार्य केले' असे लिहून काही उपयोग नाही. 'अमुक यांनी २००४ पासून शाळेच्या वाटेवरील ओढ्याला पाणी आले की मुलांना हात धरून पलीकडे नेले' असे लिहिले पाहिजे. इतिवृत्त म्हणजे गावाचे अधिकृत दप्तर. त्यात नोंदलेले काम पन्नास वर्षांनी एखाद्या नातवाला दाखवता येते. आमच्यासारख्या शहरवजा गावात ग्रामसभा नसते, पण नगरपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत असा ठराव घ्यायला कोणता नियम आड येतो असे मला वाटत नाही.

नोंदीचा आग्रह मी धरते त्याला आणखी एक कारण आहे. या माणसांच्या कामात जी माहिती साठलेली असते ती अन्यत्र कुठे नसते. पुराचे पाणी कोणत्या साली कोणत्या पायरीपर्यंत आले होते, जुन्या नळाची चावी कोणत्या दगडाखाली आहे, कोणत्या वस्तीवर कोण एकटे राहते, हे त्यांच्या डोक्यात असते. तात्यांना आमच्या संग्रहातले कोणते पुस्तक कोणत्या घराण्याने देणगी दिले आणि कोणत्या पावसाळ्यात कोणते कपाट भिजले, ते आमच्या दाखल नोंदवहीपेक्षा नेमके सांगता येते. राज्यात १९६७ च्या कायद्याने ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदानाची रीत लागली, पण रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे आहे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे आणि कल्याणचे १८६४ चे. कायदा येण्यापूर्वीची शंभर-सव्वाशे वर्षे ही वाचनालये वर्गणीवर आणि अशाच माणसांच्या बळावर चालली. जुन्या संस्थांच्या शताब्दीच्या स्मरणिका चाळल्या तर अध्यक्षांची छायाचित्रे ओळीने सापडतात, पण चाळीस वर्षे दिवाबत्ती करणाऱ्याचे नाव शोधून सापडत नाही. ते काम आजच्यांचे आजच लिहून ठेवले तर पुढच्या स्मरणिकेत निदान ही उणीव राहणार नाही. याच जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यातील भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव झाले, ते तिथल्या लोकांनी आपल्या राहत्या घरांतल्या खोल्या पुस्तकांना दिल्या म्हणून. आलेल्या वाचकाला कपाट उघडून देणे आणि तहान लागली का म्हणून विचारणे, हे घरातली मंडळी करतात. त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात होते?

सन्मानाचा दुसरा भाग खर्चाचा आहे आणि तो बोलायला संकोच वाटतो म्हणून बोलला जात नाही. जो माणूस स्वतःच्या खिशातून एस.टी.चे तिकीट काढून सेवा करतो, त्याला अडीचशे रुपयांची शाल देण्यापेक्षा त्याचे महिन्याचे तिकीट भरणे अधिक सभ्यपणाचे आहे. मानधन म्हटले की अशी माणसे दुखावतात, याचा मला अनुभव आहे. आक्कांना मी एकदा पाकीट देऊ केले तेव्हा त्या पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. म्हणून आम्ही आता त्यांच्या नावाने काही देत नाही. ग्रंथालयात वाचकांच्या देणगीतून 'दवाखाना प्रवास' अशी वेगळी पेटी ठेवली आहे, तिची किल्ली त्यांच्याकडे आहे आणि हिशेब त्याच ठेवतात. हे त्यांनी मान्य केले, कारण पैसा पेशंटसाठी आहे असे आम्ही सांगितले. त्यात त्यांचे तिकीटही धरलेले आहे, हे आम्ही मुद्दाम मोठ्याने सांगितले नाही.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. ज्येष्ठांच्या सेवाभावाचे कौतुक करता करता त्यांना फुकट राबवून घेण्याची सोय अनेक संस्थांनी करून घेतली आहे. जिथे पगारी माणूस नेमायला हवा तिथे 'आमच्याकडे एक आजोबा येतात, फार निःस्वार्थी आहेत' असे सांगून वर्षे काढली जातात. आमचे ग्रंथालयही या आरोपातून पूर्ण सुटणार नाही. उलट बाजूही आहे. काही ज्येष्ठ पदाला असे चिकटून असतात की शेवटच्या श्वासापर्यंत कार्यवाहपदाची किल्ली कमरेची सुटत नाही, तरुण येतात, दोन सभा बसतात आणि कंटाळून निघून जातात. अशांचा सत्कार केला की त्यांना तो मुदतवाढीचा ठराव वाटतो. माझ्याही बाबतीत ही वेळ येऊ नये म्हणून मी मंडळाला माझ्या निवृत्तीचे वर्ष लिहून दिले आहे. तेव्हा कोणी शाल घेऊन आले तर ती मी घेईन, थंडीची उपयोगी पडते.

आणि काही जणांना सत्कार नकोच असतो, हेही मानले पाहिजे. गाडगेबाबा कोणाला पाया पडू देत नसत, हे आपण मुलांना शाळेत शिकवतो आणि मोठेपणी नको म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला दोन्ही दंडांना धरून व्यासपीठावर नेतो. विचारून घ्यावे. नको म्हटले तर ते नको खरे मानावे.

वृक्षारोपणाच्या त्या प्रसंगानंतर तात्यांसाठी आपणच काही करावे असे आमच्या मंडळात ठरले. गेल्या वर्षी १२ ऑगस्टला, म्हणजे रंगनाथन यांच्या जन्मदिनी, जो ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो, आम्ही वाचन कक्षात मोठी टेबले एकत्र जोडली आणि तात्यांनी तोवर बांधलेली जेवढी पुस्तके त्या दिवशी कपाटात होती तेवढी त्यांवर मांडली. टेबले पुरली नाहीत, खिडक्यांच्या कट्ट्यांवर ठेवावी लागली. पाहुणे बोलावले नव्हते, व्यासपीठ नव्हते, वेळ संध्याकाळी पाचची होती आणि ती पाळली. वाचकांनी एकेक पुस्तक उचलायचे आणि ते आपण कधी वाचले एवढेच सांगायचे, असे ठरले होते. एका रिक्षावाल्याने सांगितले की दहावीला बसताना त्याने वापरलेला व्याकरणाचा ग्रंथ हाच, आणि तेव्हा तो फाटका असता तर त्याची पाने वाटेत कुठे तरी उडून गेली असती. एका आजींनी ज्ञानेश्वरीची प्रत छातीशी धरली आणि काही बोलल्या नाहीत.

तात्या या सगळ्यात खुर्चीवर बसलेच नाहीत. ते टेबलांच्या कडेने फिरत होते, पुस्तके उघडून कण्यावर अंगठा फिरवून पाहत होते. आभार मानायची वेळ आली तेव्हा त्यांच्या काखेत तीन पुस्तके होती. त्यांची शिवण सैल झाली आहे, ही आपण २०११ च्या आसपास घाईत केली असावीत, तेव्हा घरी नेऊन पुन्हा बांधून आणतो, असे त्यांनी ग्रंथपालांना सांगितले आणि देवघेवीच्या वहीत रीतसर सही करून ती नेली. त्यांना काय हवे असे मी विचारले तेव्हा त्यांनी मोरचूद संपल्याचे सांगितले आणि कोणीतरी शिकणारे मिळाले तर बरे, असे जाता जाता म्हणाले. महाविद्यालयातल्या दोन मुली आता शनिवारी येतात. त्यांतल्या एकीची शिवण वाकडी जाते. तात्या ती उसवायला लावतात.

आपल्याकडे माझी विनंती मर्यादित आहे. १ ऑक्टोबरच्या आसपास आपल्या अंकात सत्कारांच्या बातम्यांना जी जागा जाते, तीतला अर्धा स्तंभ यंदा अशा कामांच्या नोंदींसाठी ठेवावा. प्रत्येक गावाने एका माणसाचे काम दीडशे शब्दांत लिहून पाठवावे. त्यात काम काय, कधीपासून आणि कोणासाठी हे असावे, पाहुण्यांची नावे नसावीत, आणि 'आदी' हा शब्द नसावा. मजकुराची खातरजमा करण्यासाठी आपल्या तालुका वार्ताहरांना थोडे फिरावे लागेल, पण ते फिरणे वाया जाणार नाही.

सुरुवात म्हणून आमच्या पेठेतील त्या तिरडी बांधणाऱ्या गृहस्थांच्या कामाचे टिपण या पत्रासोबत स्वतंत्र कागदावर पाठवत आहे. ते त्यांना वाचून दाखवले आहे आणि त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली ती केली आहे. आपले नाव छापायला त्यांची हरकत नाही. छायाचित्र मात्र त्यांनी काढू दिले नाही. त्या वेळी ते गोठ्यात लाकडे रचत होते आणि पाऊस यायच्या आत काम आटोपायचे होते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका सार्वजनिक ग्रंथालयाची मानद कार्यवाह,
जि. सातारा